उंचीचे भय



गच्चीच्या कठड्यापासून चार हात दूर उभे राहणाऱ्यांपैकी आम्ही एक. कठडा भक्कम आहे हे आम्हांला कळते. पायांना कोण सांगणार?

१९९५ साली अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस प्रभृतींनी अशाच विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. डोळ्यांवर यंत्र चढवायचे. त्यात संगणकाने रचलेले सज्जे, पाण्यावरचे पूल, काचेची लिफ्ट. एका उंचीवरची भीती ओसरली की मगच पुढची. चित्रे ओबडधोबड, पाय खोलीतल्या जमिनीवर. तरी घाम फुटे, गुडघे लटपटत! खरी गंमत इथेच आहे. खोटे ठाऊक असूनही शरीर घाबरते, म्हणूनच तिथे टिकून राहिले की ते शिकतेही. पळ काढला, तर ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढेच शिकते.

२०१८ साली ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांनी मार्गदर्शकही यंत्रातच बसवला. प्रयोगात माणसे १००; उपचार घेतलेल्यांची भीती सरासरी दोनतृतीयांशाने उतरली, इतरांची जवळजवळ होती तशीच राहिली. त्यांना दिलेल्या कामांपैकी एक होते, झाडावर अडकलेले मांजर सोडवणे. मांजरासाठी, खरे सांगतो, आम्हीही दोन फांद्या चढलो असतो.