अग्निबाण उडतो, पण सापडतो कसा?

(संस्थेच्या विज्ञान प्रदर्शनानिमित्त पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



अग्निबाणाविषयी बोलू लागले की प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो उंचीचा. तो किती वर जातो? दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. वर गेलेला बाण परत कसा मिळतो? आज मी या दुसऱ्या प्रश्नावरच बोलणार आहे, कारण माझ्या मते खरी तालीम त्यातच आहे.

अमेरिकेत मोठे अग्निबाण हौस म्हणून उडविणारी हजारो माणसे आहेत. तेथे १९५७ साली स्थापन झालेली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ आणि ‘ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन’ अशा दोन मोठ्या संस्था आहेत. बाणाच्या इंजिनांना ए, बी, सी अशी अक्षरे असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला जोराची कमाल मर्यादा दुप्पट होते. एच या अक्षरापासून पुढची इंजिने ‘हाय पॉवर’ समजली जातात. ती विकत घेण्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि उड्डाणासाठी विमानवाहतूक खात्याची परवानगी लागते. नेव्हाडा राज्यातील ब्लॅक रॉक हे वाळवंट, म्हणजे एका आटलेल्या सरोवराचा सपाट तळ, या हौशी मंडळींचे आवडते मैदान आहे.

या परीक्षेची एक अट विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. बाण सरळ उडाला, पॅराशूटही उघडले, पण तो शोधून तपासनिसापुढे ठेवता आला नाही, तर परीक्षार्थी नापास होतो. बाण झाडावर किंवा विजेच्या तारांवर अडकला असेल तर जागेवर पाहणी केलेली चालते. पण तो कोठे आहे हे तरी दाखवावे लागते. मला ही अट अत्यंत न्याय्य वाटते. बाणाच्या पोटातील यंत्राने उंची, वेग यांची नोंद केलेली असते. बाण हरवला तर ती नोंदही गेली. शिवाय पॅराशूट बाहेर फेकण्यासाठी ठेवलेली दारू कधी कधी पेटलेलीच नसते. असा बाण कोणाच्या शेतात किंवा गुराख्याच्या पोराच्या हाती पडणे बरे नव्हे.

आता हिशेब करू. समजा बाण ३००० मीटर उंच गेला, तेथेच मोठे पॅराशूट उघडले आणि तो सेकंदाला ६ मीटर या गतीने खाली येऊ लागला. त्याला ५०० सेकंद लागतील. वारा सेकंदाला ८ मीटर असेल, तर तेवढ्या वेळात बाण ४ किलोमीटर वाहून जाईल. म्हणून शिखरावर केवळ लहान पॅराशूट उघडतात. बाण सेकंदाला २५ मीटर या गतीने २०० मीटर उंचीपर्यंत उतरतो आणि तेथे मोठे पॅराशूट उघडते. वहीत मांडून पाहा: एकूण वेळ १४५ सेकंद आणि वाहून जाण्याचे अंतर सुमारे ११६० मीटर. चार किलोमीटरचे एक किलोमीटर झाले. हे काम हवेच्या दाबावर उंची ओळखणारे यंत्र करते. जी.पी.एस.वर ते सोपवीत नाहीत, कारण इंजिनाच्या जोरदार धक्क्यात जी.पी.एस.ची पकड काही वेळ सुटू शकते.

पण एक किलोमीटर म्हणजेही थोडे नव्हे. झुडपात पडलेला बाण दहा पावलांवरून दिसत नाही. पूर्वी बाणात टिक्-टिक् करणारा लहानसा ट्रान्समीटर ठेवीत आणि हातात अँटेना घेऊन दिशा शोधीत. त्याने केवळ दिशा कळे, अंतर कळत नसे. दोन माणसे दोन ठिकाणी उभी राहिली, दोघांनी आपापल्या दिशेची रेघ नकाशावर ओढली, की जेथे रेघा छेदतील तेथे बाण. आजही पुष्कळ जाणकार हा ट्रान्समीटर जोडीला ठेवतात, आणि ते शहाणपणाचेच आहे.

जी.पी.एस.विषयी आपल्या घरोघर एक गैरसमज आहे. उपग्रह वरून आपल्याला पाहतात आणि आपण कोठे आहोत ते सांगतात, असे पालकांना वाटते. वस्तुतः ते उपग्रह कोणालाच पाहत नाहीत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते अखंड एवढेच सांगत असतात की, मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले. खालचा रिसीव्हर हे ऐकतो, संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढतो आणि आपली जागा ठरवितो. जागेसाठी तीन उपग्रह हवेत. चौथा हवा तो रिसीव्हरच्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो! मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरी संदेशात मुद्दाम खोट मिसळीत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकू शके. ती खोट काढल्यावर चूक काही मीटरांवर आली.

म्हणजे बाणातील रिसीव्हरला आपली जागा कळली. परंतु मालकाला कशी कळणार? त्यासाठी रेडिओ ट्रान्समीटर वेगळा लागतो, आणि अनेक ठिकाणी तो वापरण्यासाठी हॅम रेडिओचा परवानाही. वाळवंटात मोबाईलचा टॉवर नसतो, तेव्हा बाणात फोन ठेवून भागत नाही. दर एक-दोन सेकंदांनी ट्रान्समीटर आपले आकडे पाठवीत राहतो. त्याची जागा नेमावी लागते ती बाणाच्या टोकाच्या टोपीत. टोपी फायबरग्लासची असावी. कार्बन फायबर किंवा धातू असेल तर रेडिओलहरी आतच कोंडल्या जातात. हजारो रुपयांचे यंत्र बसवून त्यावर धातूचे झाकण लावणे म्हणजे मुअज्जिनला तळघरात उभे करण्यासारखे आहे.

बाण आकाशात असताना त्याचे संदेश कित्येक किलोमीटरवर ऐकू येतात. तो जमिनीवर गवतात आडवा झाला की तेच संदेश काही शे मीटरांवर विरतात. म्हणून जमिनीला टेकण्यापूर्वीचा शेवटचा संदेश सर्वांत मोलाचा. तो लिहून घ्यावा, त्या जागेकडे चालू लागावे. जवळ जाताच पडलेल्या बाणाचे नवे संदेश मिळू लागतात. शेवटच्या संदेशात उंची ६० मीटर असेल, तर बाण आणखी दहा सेकंद हवेत होता, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने ८० मीटर पुढे शोधावे. सापडला तरी लगेच उचलू नये. दारू उडाली आहे की नाही ते पाहावे, यंत्र बंद करावे, मग हात लावावा.

मी भूगोलाचा शिक्षक असल्याने आकड्यांविषयी थोडे अधिक बोलतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर. दशांश अंशात लिहिले तर पाचवे स्थळ सुमारे एक मीटरचे. आता यंत्राने ४० अंश ५१.५ मिनिटे असे सांगितले आणि कोणी ते घाईत ४०.५१५ अंश असे लिहिले, तर काय होईल? खरा आकडा ४०.८५८३ आहे. शोधणारा माणूस सुमारे ३८ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पोहोचेल! उपग्रह बरोबर, रिसीव्हर बरोबर, आणि साठ मिनिटांचा एक अंश हा प्राथमिक शाळेचा धडा विसरल्यामुळे बाण हरवलेला.

हे आकडे आपल्याला परके नाहीत. ज्या अल् बिरूनीचा भारतावरील ग्रंथ आपण इतिहासात वाचतो, त्याने १०२५ च्या सुमारास शहरांचे अक्षांश-रेखांश ठरविण्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गझनीहून किब्ल्याची दिशा अचूक काढणे हा त्यातील एक हेतू होता. आज आपला मोबाईल किब्ला दाखवितो तो हेच आकडे वापरून. फक्त बिरूनीला ते सूर्य आणि तारे मोजून मिळवावे लागले.

पालकांना एक स्पष्ट सांगतो. आपल्याकडे स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ पासून आहे आणि परवान्याशिवाय असे इंजिन घरी बनविणे हा गुन्हा तर आहेच, पण बोटे आणि डोळे गमावण्याचा मार्गही आहे. दिवाळीच्या फटाक्यांतील दारू गोळा करून बाण करणाऱ्या मुलाला कौतुकाने पाहू नका, वेळीच थांबवा. मात्र शोधण्याचे शास्त्र शिकायला दारूची काडीमात्र गरज नाही. फोनमधील जी.पी.एस. इंटरनेट बंद असतानाही चालते.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी साडेसात वाजता नववी-दहावीच्या मुला-मुलींनी शाळेत जमावे. माळावर आदल्या दिवशी एक पत्र्याचा डबा ठेवलेला असेल. प्रत्येक गटाला चिठ्ठीवर अंश-मिनिटांत एक जागा मिळेल, सोबत ‘शेवटची उंची ६० मीटर’ अशी नोंद, उतरण्याची गती, वाऱ्याचा वेग आणि दिशा. चिठ्ठीवरच्या जागी डबा नसेल, तो किती पुढे आहे ते काढायचे. फोन गटात एकच चालेल. होकायंत्र असेल त्याने जरूर आणावे. डबा सापडला नाही तर त्या गटाला गुण नाहीत. पालकांनीही यावे, पण उत्तर सांगू नये.