गाण्याच्या सीडीची दुसरी प्रत
(व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. गाण्याच्या सीडीची प्रत काढणे हे काम शेजारचा शाळकरी मुलगाही दहा मिनिटांत करून देईल, मग त्यासाठी व्याख्यान कशाला, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. त्या शंकेचे निरसन एका कुटुंबाच्या हकिकतीने व्हावे.

तालुक्याच्या गावी एक गृहस्थ होते. गावच्या भजनी मंडळात त्यांनी तीस-पस्तीस वर्षे पेटी वाजविली, अभंग गाइले. १९८० च्या दशकात त्यांच्या गायनाच्या काही कॅसेटी घरच्या घरी भरल्या गेल्या. ते निवर्तल्यानंतर मुलांनी २००४ साली त्या कॅसेटींवरून एक सीडी करवून घेतली; प्रत्येक अभंग वेगळा, असे एकूण १४ ट्रॅक. सीडी झाली, आता कॅसेटी कशाला, म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत त्या टाकून दिल्या गेल्या. २०१६ साली धाकट्या मुलाने ती सीडी संगणकात घालून चौदाही फायली पेन ड्राइव्हवर उतरविल्या आणि मूळ सीडी बहिणीकडे पाठविली. पुढे वडिलांच्या पुण्यतिथीला पेन ड्राइव्ह लावला, तेव्हा पडद्यावर चौदाही नावे दिसली, आवाज मात्र एकाचाही उमटला नाही.

असे का झाले? विंडोज प्रणालीत गाण्याची सीडी उघडली की ‘सीडीए’ या आडनावाच्या फायली दिसतात. त्या फायलींत गाणे नसते. अमुक ट्रॅक सीडीवर कोठे सुरू होतो व किती लांबीचा आहे, एवढीच नोंद तीत असते आणि तिचा आकार अवघा ४४ बाइट असतो. चौदा अभंगांचे मिळून ६१६ बाइट पेन ड्राइव्हवर गेले. घराचा पत्ता लिहून घेतला आणि घरच उचलून आणले असे समजले, तशातला हा प्रकार. (मॅक संगणकावर तोच ट्रॅक ओढून घेतला तर खरोखरीचा ध्वनी उतरतो. त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्यास सांगताना घोटाळा होतो.)

येथे सीडीची रचना थोडी समजून घ्यावी लागते. सोनी व फिलिप्स या दोन कंपन्यांनी १९८० साली तिचे मानक ठरविले. मुखपृष्ठाच्या रंगावरून त्यास ‘रेड बुक’ म्हणतात. १९८२ पासून सीडी विक्रीस आली. १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेषा असते. दोन वेढ्यांमधील अंतर १.६ मायक्रॉन, आणि सर्व वेढे उलगडले तर लांबी पाच किलोमीटरहून अधिक भरते. ध्वनीची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते, तीही डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंची. प्रत्येक मोजणी १६ बिटांची. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, आणि मिनिटाला एक कोटीहून किंचित अधिक.

महत्त्वाची गोष्ट अशी की, ट्रॅक ‘वेगवेगळे’ म्हणतात खरे, पण ते तुकडे नव्हेत. कापडाच्या अखंड ताग्यावर खडूने खुणा कराव्यात, तशा त्या खुणा आहेत. अशा खुणा जास्तीत जास्त ९९ करता येतात आणि त्यांची अनुक्रमणिका सीडीच्या सर्वांत आतल्या कडेस लिहिलेली असते. तागा खुणेवर फाडावयाचा की अखंड ठेवावयाचा, हे प्रत काढणाऱ्याच्या हाती असते.

हा भेद चित्रपटगीतांच्या सीडीत सहसा जाणवत नाही, कारण दोन गाण्यांमध्ये शांतता असतेच. शास्त्रीय गायनाच्या मैफलीची सीडी घेतली म्हणजे तो कळतो. पहिल्या ट्रॅकवर आलाप, दुसऱ्यावर विलंबित ख्याल, तिसऱ्यावर द्रुत बंदीश, अशी विभागणी श्रोत्याच्या सोयीसाठी केलेली असते; गाणारा मात्र थांबलेला नसतो. तबल्याचा ठेका चालूच असतो आणि त्या चालू ठेक्यावर खूण पडलेली असते. सीडी लिहिणारे पुष्कळसे प्रोग्रॅम, कोणी सांगितले नाही तर, प्रत्येक ट्रॅकच्या आधी दोन सेकंदांची शांतता आपणहून घालतात. मग समेवर यावयाच्या ऐन क्षणी तबला गप्प होतो, दोन सेकंद काही नाही, आणि पुन्हा जणू काही घडलेच नाही असे गाणे सुरू. प्रत काढणाऱ्यास वाटते, मूळ सीडीच तशी असावी. तिच्यावर निष्कारण दोष येतो.

यावर उपाय साधा आहे. लिहिताना ‘डिस्क ॲट वन्स’ ही पद्धत निवडावी आणि ट्रॅकमधील विराम शून्य ठेवावा. ‘ट्रॅक ॲट वन्स’ या पद्धतीत प्रत्येक ट्रॅकनंतर लेसर थांबतो, मग पुन्हा सुरू होतो, आणि अंतर पडते. मूळ सीडीवर विराम जेथे जसे होते तेथे तसेच हवे असतील, तर सीडी उतरवितानाच ‘क्यू शीट’ नावाची लहानशी मजकूर-फाइल करून घ्यावी. तिच्यात प्रत्येक ट्रॅकचा आरंभ मिनिट, सेकंद आणि सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत नोंदलेला असतो. ही झाली त्या ताग्यावरील खुणांची वही. ती हाती असली की प्रत मुळाबरहुकूम होते.

आता उतरविण्याविषयी. गाण्याची सीडी आणि कागदपत्रांची सीडी दिसावयास सारखी, पण दोहोंच्या लिखाणात फरक आहे. कागदपत्रांच्या सीडीत प्रत्येक २,३५२ बाइटांच्या खणात २,०४८ बाइटच मजकूर असतो. उरलेली जागा पत्ता व चूक-दुरुस्ती यांसाठी राखलेली असते. गाण्याच्या सीडीत सर्व २,३५२ बाइट ध्वनीलाच दिलेले आहेत. चूक-दुरुस्तीची एक पातळी तिच्यातही आहे. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा ओरखडा ती पूर्णपणे भरून काढते. त्याहून मोठी हानी असली की वाचणारे यंत्र मागचा-पुढचा स्वर पाहून मधला अंदाजाने भरते. कानास ते बहुधा कळत नाही. म्हणूनच ‘सीडी व्यवस्थित वाजते’ हा पुरावा नव्हे. वाजणारी सीडीही आतून झिजलेली असू शकते, आणि तो अंदाजच प्रतीत खरा म्हणून कायमचा लिहिला जातो.

यासाठी एकच जागा अनेकदा वाचून, दोन्ही वाचने जुळल्यावरच पुढे जाणारे प्रोग्रॅम वापरावेत. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा जर्मनीतील आंद्रे विथोफ यांनी लिहिलेला प्रोग्रॅम घरगुती वापरास विनामूल्य आहे. मॅकवर ‘एक्सएलडी’, लिनक्सवर ‘सीडीपॅरानोया’. खराब सीडीला तासन्‌तास लागतात. तो वेळ द्यावा. अखेरीस कोणत्या ट्रॅकवर कोठे शंका राहिली याची नोंद मिळते, ती फाइल गाण्यांसोबतच जपावी. बाजारातील सीडी असेल, तर ‘ॲक्युरेटरिप’ या संग्रहाशी पडताळून इतरांच्या वाचनाशी आपले जुळते की नाही हेही कळते. घरी केलेल्या सीडीस मात्र अशी साक्ष देणारा कोणी नसतो. आजच्या बहुतेक लॅपटॉपना सीडीचा खण राहिलेला नाही, तेव्हा यूएसबीने जोडावयाचा बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा लागेल.

उतरविलेला ध्वनी कोणत्या रूपात ठेवावा, याविषयी तरुण मंडळी तत्काळ ‘एमपीथ्री’ म्हणतात. प्रवासात ऐकण्यासाठी ते ठीक आहे. १२८ किलोबिटांचे एमपीथ्री मूळ ध्वनीच्या सुमारे अकराव्या हिश्श्यात बसते, पण बाकीचे टाकून देऊन बसते, आणि टाकलेले पुन्हा मिळत नाही. जतनासाठी ‘फ्लॅक’ हे २००१ सालापासून प्रचलित असलेले रूप उत्तम. त्यात ध्वनीची घडी घातली जाते, काटछाट होत नाही. जागा साधारण निम्मी लागते आणि घडी उलगडली की बिटास बिट मूळ कापड परत.

नावांचा प्रश्न उरतो. सीडीवर गाण्यांची नावे बहुधा नसतात. संगणकात ती दिसतात ती इंटरनेटवरील सूचीतून, ट्रॅकची संख्या व लांबी यांवरून ओळखून आणलेली. रागांची आणि बंदिशींची नावे तेथे कशी लिहिलेली असतात याविषयी न बोललेले बरे. घरगुती सीडीला तर काहीच सापडत नाही. गायक, साथीदार, स्थळ, अंदाजे साल ही माहिती स्वतः टंकावी, आणि ती सांगणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर टंकावी.

नवी सीडी लिहिली असेल तर ती उभी, अंधाऱ्या, कोरड्या व थंड जागी ठेवावी. घरी लिहावयाच्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन त्याचा शत्रू आहे. पुष्कळ जण चकचकीत बाजू जपतात व छापील बाजू खाली ठेवतात. वस्तुतः गाणे छापील बाजूच्या लगत, पातळ रोगणाखाली असते. खालच्या बाजूस जवळजवळ १.२ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक रक्षण करते. बॉलपेनने नाव लिहिणे किंवा कागदी चिठ्ठी चिकटविणे टाळावे. पुसताना मध्याकडून कडेकडे सरळ पुसावे, गोल नव्हे. कारखान्यात छापलेल्या सीडीही अमर नाहीत. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतर काही वर्षे छापलेल्या पुष्कळ सीडी आतील चांदीचा थर काळवंडून तपकिरी झाल्या. म्हणून एक प्रत सीडीवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी असावी.

कायद्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. प्रताधिकार अधिनियम, १९५७ याच्या कलम ५२ नुसार खासगी वा व्यक्तिगत उपयोगासाठी केलेला न्याय्य वापर हे उल्लंघन मानलेले नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तो शब्दप्रयोग अधिक व्यापक झाला. पण विकत घेतलेल्या सीडीच्या प्रती काढून वाटणे, मग ते लग्नातील भेट म्हणून का असेना, हे त्यात बसत नाही. ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. वडिलांच्या अभंगांची सीडी मुलांनी आपसांत वाटून घेतली तर गोष्ट वेगळी.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. बहिणीकडील सीडी सापडली, परंतु ती प्लॅस्टिकच्या पाकिटात, स्वयंपाकघराच्या खिडकीतील टेपरेकॉर्डरवर काही वर्षे पडून होती. भाच्याने ती सांगितल्या पद्धतीने उतरविली. पहिले अकरा ट्रॅक निर्दोष आले. बाराव्यात व तेराव्यात मिळून नऊ ठिकाणी वाचन जुळले नाही. तेथे बारीक टक्‌ असा आवाज येतो, त्या जागा नोंदवून ठेवल्या आहेत. सीडी आतून बाहेर लिहिली जात असल्याने अखेरचा ट्रॅक सर्वांत बाहेरच्या वेढ्यांवर होता, आणि ऊन व हाताळणी यांचा मार तेथेच अधिक बसला होता. तीन वेगळ्या ड्राइव्हवर प्रयत्न करूनही चौदाव्या अभंगाचे शेवटचे दीड मिनिट मिळाले नाही. अभंग संपल्यावर वडील पेटीचा भाता मिटून कोणाला तरी चहा ठेवावयास सांगतात, असे बहिणीस आठवते. धाकट्याच्या मते ते चहाचे नव्हे, पावसाचे काहीतरी बोलले होते. त्या सीडीच्या आता तीन घरांत तीन प्रती आहेत, आणि चौदाव्या ट्रॅकच्या नावापुढे भाच्याने ‘अपूर्ण’ असे लिहिले आहे.