भाकरीनंतरचा तवा रिकामा ठेवू नका

 

चंपाषष्ठीला आपण खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य दाखवतो. म्हणजे भाजलेली भाजी आपल्याला नवी नाही. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, माण-आटपाडीकडचा ज्वारीचा हुरडा, निखाऱ्यात भाजलेला कांदा, हे सगळं आपलंच. पण ते होतं सणाला, नाहीतर पाहुणे आल्यावर. रोज मात्र पातळ कालवण आणि भाकरी. आणि सगळ्यांना वाढून शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला कालवणाचा तळ आणि चटणी.

आता एक आकडा ऐका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे गटाच्या मीटिंगला दहाजणी बसल्या, तर त्यात निम्म्या.

एकट्या भरितानं रक्त वाढत नाही, हे आधीच सांगते. लोह असतं बाजरीत, डाळी-कडधान्यांत, पालेभाजीत. पण भाजलेल्या भाजीवर जेवताना लिंबू पिळलं, तर भाकरीतलं लोह अंगाला जास्त लागतं. लिंबू आधी पिळून तापवू नका, त्यातलं सत्त्व जातं. आणि जेवणाला लागूनच चहा घेऊ नका, त्यानं लोह कमी लागतं. तासभर थांबा.

करायचं कसं? शेवटची भाकरी उतरली की तवा तापलेलाच असतो, चुलीत निखारेही असतात. नवं सरपण नको, गॅसही थोडाच लागतो. तव्यावर चमचाभर तेल सोडा. दोडका, दुधी, भेंडी, लाल भोपळा, जे घरात असेल त्याच्या पातळ चकत्या पसरा. मीठ टाका, झाकण ठेवा, आच मंद. एकदा उलटा. जाड भाजीला दहा-बारा मिनिटं लागतात. पाणी घालून शिजवायचं नाही आणि ते ओतून द्यायचं नाही, त्यामुळे भाजीतलं सत्त्व कमी वाया जातं.

वांगं असेल तर आधी उभी चीर देऊन कीड बघा. चीर दिली की ते फुटतही नाही. तेलाचा हात लावून निखाऱ्यावर फिरवत भाजा. जळालेली साल काढून टाका. सोबत दोन टोमॅटो, दोन मिरच्या भाजा. सगळं कुस्करून कच्चा कांदा, कोथिंबीर, मूठभर दाण्याचं कूट घाला. फोडणी नाही दिली तरी चालतं. एक जपा: चूल पेटवायला प्लास्टिक किंवा रंगाचं लाकूड वापरलं असेल, तर त्या निखाऱ्यावर काही भाजू नका.

आणि शेवटचं, पण सगळ्यात मोठं. भाजी झाली की आधी आपली वाटी भरून झाकून ठेवा. यात स्वार्थ नाही. घर ओढणाऱ्या बाईनं उपाशी ओढायचं, असं कुठल्याही देवानं सांगितलेलं नाही. सुनेची वाटी सासूनं काढावी, सासूची सुनेनं, म्हणजे बोलायला कुणाला जागाच राहत नाही.

येत्या मीटिंगला हप्त्याबरोबर प्रत्येकीनं एक वाटी भाजलेली भाजी आणा. एकमेकींची चव बघू. आणि वाटी कुणी-कुणी आधी काढून ठेवली, तेही विचारू.

रामराम.