परळच्या रुग्णालयांतील धाडस

निकामी झालेल्या अवयवाच्या जागीं दुसऱ्याच्या देहांतील अवयव बसवावा, ही कल्पना जुनी. परंतु ती सत्यसृष्टींत उतरण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. १९५४ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास यशस्वीपणें बसविलें. डिसेंबर १९६७ मध्यें केपटाऊन येथें डॉ. बर्नार्ड यांनीं मनुष्याचें हृदय दुसऱ्या मनुष्यास बसविलें. तो रोगी अठरा दिवस जगला.

यानंतर तीन महिने लोटण्यापूर्वींच, फेब्रुवारी १९६८ मध्यें, मुंबईंत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांचे सहकारी यांनीं हृदयारोपण केलें. हें धाडस एका रात्रींत सुचलेलें नव्हतें. त्यापूर्वीं श्वानांवर प्रयोग करून या मंडळींनीं हात बसविला होता. तरीही रोगी कांहीं तासांतच दगावला. त्याच वर्षींचा दुसरा प्रयत्नही फलद्रूप झाला नाहीं. भारतांतील पहिलें यशस्वी हृदयारोपण ऑगस्ट १९९४ मध्यें दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून झालें.

मग सेन यांचे श्रम व्यर्थ गेले काय? मुळींच नाहीं. वाटेंत कोणते अडसर आहेत, हें अशा प्रयत्नांवांचून कळत नसतें. पहिला अडसर देहाचा: देह परका अवयव शत्रू मानून त्यावर तुटून पडतो. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हें औषध प्रचारांत आलें, तेव्हां तो बराच सैल झाला. दुसरा अडसर कायद्याचा: हृदय धडधडत असतां मनुष्य मृत झाला, असें म्हणावें कसें? १९९४ च्या कायद्यानें मेंदूचा मृत्यु हा मृत्यूच मानला, आणि आप्तांच्या संमतीनें अवयवदानाचा मार्ग मोकळा झाला.

धाराशिवसारख्या जिल्ह्यास याचें काय, असें कोणी विचारील. हृदय देहाबाहेर सुमारें चारच तास टिकतें, आणि दाता रुग्णालयांत कृत्रिम श्वासोच्छ्वासावरच असावा लागतो, हें खरें. परंतु नेत्रदानास हें बंधन नाहीं. मृत्यूनंतर सुमारें सहा तासांच्या आंत डोळ्याचा पारदर्शक पडदा घरींही काढून घेतां येतो. परांडा, भूम, कळंब वा उमरगा तालुक्यांतील शेतकऱ्यासही हें दान अशक्य नाहीं.

मात्र दुःखाच्या घटकेस असा निर्णय सुचत नाहीं. म्हणून आपली इच्छा प्रत्येकानें हयातींतच घरच्यांच्या कानीं घालून ठेवावी. शस्त्रवैद्याचें कौशल्य कितीही वाढलें, तरी देणारा हात पुढें आल्याखेरीज तें लुळेंच आहे.