बाटचा हमीभाव कोणाला पावला?



थायलंड हा भात पिकवून जगाला विकणारा देश. तिथल्या सरकारने तेरा वर्षे एक भाव नेमाने धरून ठेवला. तो भाताचा नव्हता, चलनाचा होता. एका डॉलरला साधारण २५ बाट.

भाव पक्का म्हटल्यावर डॉलरचे कर्ज काढायला भीती कसली? बाहेर व्याज कमी, घरात जास्त. बँकॉकच्या वित्त कंपन्यांनी बाहेरून थोड्या मुदतीचा पैसा आणला आणि मोठमोठ्या इमारतींत ओतला. इमारती रिकाम्या राहू लागल्या, तशी सावकारांनी पाठ फिरवली. भाव टिकवण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेने डॉलरची गंगाजळी उपसली. अखेर २ जुलै १९९७ रोजी हात टेकले. जानेवारी १९९८ मध्ये डॉलर ५० बाटच्या वर गेला. म्हणजे २५ लाख बाटचे कर्ज, नवा पैसा न घेता, ५० लाखांचे झाले.

मग आला नाणेनिधी. ऑगस्ट १९९७ मध्ये १७ अब्ज डॉलरची मदत ठरली. अटी अशा: व्याज चढे ठेवा, सरकारी खर्च कापा, मूल्यवर्धित कर ७ टक्क्यांवरून १० टक्के करा. ताप चढलेल्या माणसाला उपास घडवला. त्या डिसेंबरात ५६ वित्त कंपन्यांना कायमचे टाळे लागले. १९९८ साली देशाचे उत्पन्न ७ टक्क्यांहून अधिक घटले. त्याच वर्षी नाणेनिधीला आपल्या अटी सैल कराव्या लागल्या.

मलेशियाने दुसरी वाट धरली. सप्टेंबर १९९८ मध्ये पैसा देशाबाहेर नेण्यावर बंधने घातली, डॉलरचा भाव ३.८० रिंगिट ठरवला, व्याज उतरवले. दोन्ही देश १९९९ मध्ये सावरू लागले. कोणाचे औषध बरे, यावर पंडित अजून भांडतात.

आपण शेतकऱ्याकडे पाहू. थायलंडचा ईशान्य भाग आपल्यासारखाच कोरडवाहू. तिथली पोरे मजुरीला बँकॉकला जातात. बाट पडल्यावर निर्यातीच्या तांदळाच्या प्रत्येक डॉलरमागे जास्त बाट येऊ लागले. म्हणजे चलन फुगवून धरले होते, तेव्हा तेवढी कात्री भातवाल्याच्या मिळकतीला लागत होती. पण खत आणि डिझेलही डॉलरनेच येते, तेही महागले. पोरांचे काम सुटले, घरी येणारा पैसा थांबला, खाणारी तोंडे मात्र परत आली. इमारतींवर पैसा लावला कोणी, आणि भरपाई केली कोणी?

आपल्या रुपयाचा भाव तसा बांधलेला नाही. पण जगाच्या बाजारात आपली रुईही डॉलरनेच मोजली जाते. उद्या कोणी चलन मजबूत झाल्याची बढाई मारली, तर तीन प्रश्न विचारा. बाहेरून माल आणतो कोण? बाहेर माल विकतो कोण? बाहेरचे कर्ज कोणाच्या डोक्यावर आहे? उत्तरे मिळाली की मजबुती कोणाची, हे आपोआप कळेल.