चेक वटण्याची वाट

भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. आमच्या अब्बांचं भांड्यांचं लहानसं दुकान होतं. हातोडीची ठकठक आणि उधारीची वही यांत माझं लहानपण गेलं.

माल परगावी गेला, की तिथला व्यापारी चेक पाठवायचा. तो बँकेत भरला, की टपालानं त्या गावच्या बँकेत जायचा. होकार परत येईपर्यंत दोन-तीन आठवडे जात. एकदा ईदच्या तोंडावर असाच चेक अडकला. कारागिरांची मजुरी थकलेली. अम्मीनं हातातल्या बांगड्या काढून दिल्या. पैसा आमचाच होता, पण वाटेत होता. बांगड्या परत आल्या नाहीत.

पुढे बँकांच्या शाखा संगणकानं जोडल्या गेल्या. २००४ साली आरटीजीएस, २००५ साली एनईएफटी, २०१६ साली यूपीआय आलं. आता गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत पैसे जमा होतात.

यंत्र करतं काय? शिल्लक पाहतं, दोन्ही खात्यांत नोंद करतं. मुनीमही हेच करायचा. फरक वेगाचा. २० दिवसांनी सुटणारे हजार रुपये महिन्यात जेमतेम एकदा फिरतात. त्याच दिवशी हाती आले, तर आठवड्याला नवा माल आणतात. भांडवल तेवढंच, धंदा मोठा, व्याजही वाचतं.

मात्र ज्याला द्यायचेच नाहीत, त्याच्यापुढे यंत्रही हतबल. आणि पैसा क्षणात येत असेल, तर कारागिराची मजुरी शनिवारपर्यंत का थांबावी? वेगाचा नफा त्याच्या घरी पोचला, तरच अम्मीच्या बांगड्यांचं ऋण फिटेल.