हृदयाचा गव्हर्नर

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन इथे इटारसीच्या शेडमध्ये डिझेल इंजिनांवर लागलो, आता विजेची इंजिनेही बघतो. मग हृदयावर बोलण्याचा मला काय अधिकार? एवढाच, की हा धडा मी स्वतःच्या शरीरावर शिकलो.

उभ्या डिझेल इंजिनाचे फेरे एकसारखे पडायला हवेत. ते सारखे कमी-जास्त होऊ लागले की आम्ही म्हणतो, इंजिन 'हंटिंग' करतेय. आणि आधी गव्हर्नर तपासतो. हाच नियम मी माझ्या नाडीला लावत होतो. मधुमेह अकरा वर्षांचा, पण नाडी बसून ९६, उभे राहून ९६, रात्रपाळीनंतरही ९६. मला त्याचा अभिमान वाटे!

२०१९ साली पिटमधून वर येताना भोवळ आली. डॉक्टरांनी ईसीजी लावला आणि मिनिटभर सावकाश श्वास घ्यायला सांगितले. पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. श्वास घेताना नाडी जलद होते, सोडताना मंदावते. हा फरक मिनिटाला १५ ठोके किंवा जास्त असावा. १० किंवा कमी असेल तर दोष समजतात. वयानुसार तो थोडा घटतो. माझा आला ४.

हृदयाला दोन प्रकारच्या नसा लगाम घालतात. एक वेग वाढवते, तर दुसरी, व्हेगस, ब्रेक लावते. श्वासागणिक हा ब्रेक जरा सुटतो, जरा लागतो. म्हणून नाडी ६० असली तरी प्रत्येक ठोका नेमका एका सेकंदाने पडत नाही, कधी ०.९५ सेकंदाने, कधी १.०४ ने. ताण, जागरण, ताप यांत हा फरक घटतो. मधुमेहात नसाच खराब होतात आणि हृदय एका ठेक्यात अडकते. म्हणजे जे इंजिनात बिघाड, ते हृदयात आरोग्य!

हे ज्ञान नवे नाही. १९६३ साली हॉन आणि ली यांनी दाखवले की, पोटातले बाळ संकटात येण्याआधी त्याच्या ठोक्यांमधील अंतरे बदलू लागतात. १९८७ साली क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चोवीस तासांतला हा चढउतार ज्यांचा ५० मिलिसेकंदांहून कमी होता, त्यांना मृत्यूचा धोका १०० हून जास्त असणाऱ्यांच्या पाचपटीहून अधिक आढळला.

डॉक्टरांनी पुढे ट्रेडमिल आणि अँजिओग्राफी करायला लावली. एक रक्तवाहिनी बरीच बंद झालेली निघाली. छातीत कधी दुखले नव्हते. कारण दुखण्याची वर्दी देणाऱ्या नसाही मधुमेहाने बधिर होऊ शकतात. स्टेंट बसला, म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे.

तेव्हा माझी विनंती ऐका. मधुमेह जुना असेल तर डॉक्टरांना ही श्वासाची तपासणी विचारा. बिनदुखीच्या भरवशावर राहू नका. नाडी श्वासाशी संबंध न ठेवता वेडीवाकडी पडत असेल तर तो वेगळा आजार, तोही दाखवा. मनगटावरच्या घड्याळातला आकडा शेजाऱ्याशी ताडून पाहू नका, स्वतःच्याच मागच्या महिन्याशी ताडा.

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील संशोधकांनी लिहिले की, जपमाळेची प्रार्थना किंवा योगमंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाचे चढउतार वाढतात. हे औषधाला पर्याय नाही; गेलेल्या नसा पुरत्या परत येत नाहीत, हे मी अनुभवतो आहे. पण उद्या अथर्वशीर्षाच्या आवर्तनाला घाई करू नका. सावकाश म्हणा, पुरता श्वास सोडा. बाप्पालाही घाई नाही.

गणपती बाप्पा मोरया!